प्रयोगाला मूल कोणाचं?

‘नीतिमत्तेची आडकाठी नसती, तर माणसाच्या मनाबद्दल आपल्याला किती काय काय कळलं असतं!’ या वाक्याची मला मनापासून चीड आहे. मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे ते सतत कानावर येतं. वर्गात येतं, शिक्षकांच्या खोलीत येतं, शिकल्यासवरल्या घरांतल्या जेवणानंतरच्या गप्पांत येतं. मग कल्पना लढवायला सुरुवात होते. तान्ह्या बाळाशी चारपाच वर्षं कोणी एक शब्द बोलायचा नाही, बघू ते कोणती भाषा बोलतं. धडधाकट मुलाला रोज सांगायचं की तुझ्यात खोट आहे, बघू खोट निर्माण होते का. जुळी भावंडं जन्मतःच तोडायची, एक गरिबाघरी द्यायचं, एक श्रीमंताघरी, बघू कोण कसं निघतं. बोलणारा शेवटी सुस्कारा सोडतो की, अर्थात, असं काही करता येत नाही.

करता येतं. तिन्ही प्रयोग करून झालेले आहेत, नावगावासकट आणि सालासकट. त्यामुळे ‘समजा’ म्हणून सुरुवात करण्याची मुभा आता कोणालाही नाही. त्यातून ज्ञानाचं कोणतं भांडार उघडलं, हे मात्र ‘समजा’ म्हणणाऱ्यांपैकी कोणी तपासत नाही. तपासलं तर त्यांची ती हळहळ टिकणार नाही.

भाषेचा प्रयोग आपल्याच देशात झाला. माणसाला भाषा आतून येते की कानावर पडून, हे अकबर बादशहाला जाणून घ्यायचं होतं. त्याने वस्तीपासून लांब एक वाडा बांधवला, तान्ही मुलं तिथे ठेवली आणि त्यांच्यासमोर कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही अशी सक्त ताकीद दिली. लोक त्या वाड्याला गुंग महाल, म्हणजे मुक्यांचा महाल, म्हणू लागले. १५८२ मध्ये बादशहा स्वतः बघायला गेला, तेव्हा मुलांच्या तोंडून मुक्या माणसाच्या आवाजापलीकडे काही निघालं नाही, असं अबुल फजलने लिहून ठेवलं आहे. अबुल फजल दरबारचा माणूस, त्याच्या लेखणीतून ही बादशहाच्या जिज्ञासेची कहाणी होते. दरबारातलाच दुसरा इतिहासकार बदायुनी बादशहावर नाराज होता. त्यामुळे अबुल फजलने जे सांगितलं नाही ते त्याने नोंदवलं. वीसेक तान्ही मुलं आयांना पैसे देऊन आणली होती आणि त्यांतली काही तिथेच दगावली. पैसे घेऊन तान्हं मूल हवाली करणारी आई कोणत्या घरातली असते, हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही.

आणि कळलं काय? ज्याच्या कानावर भाषा पडत नाही ते मूल बोलायला शिकत नाही. ज्या घरात जन्मतः बहिरं मूल आहे त्या घरातल्या आजीने हे बादशहाला फुकट सांगितलं असतं. याच प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं ते चारशे वर्षांनी, निकाराग्वात, आणि तेही उलट वाटेने. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे राजधानी मानाग्वात बहिऱ्या मुलांना शाळेत एकत्र आणायला सुरुवात झाली. त्याआधी ही मुलं आपापल्या घरी एकएकटी, घरच्यांशी खाणाखुणा करत वाढत होती. शिक्षक त्यांना ओठ वाचायला शिकवत होते, ते फारसं साधलं नाही. पण मैदानात, शाळेच्या बसमध्ये, मुलांनी एकमेकांशी हातवारे करता करता एक नवी भाषा उभी केली आणि धाकट्या मुलांनी तिला व्याकरण आणलं. १९८६ मध्ये जुडी केगल ही भाषाशास्त्रज्ञ तिथे गेली आणि एक भाषा जन्माला येत असताना जगाला पहिल्यांदा नीट बघायला मिळाली. भाषा आतून येते का या प्रश्नाला इतकं भरभरून उत्तर दुसरं कोणतं नसेल. ते मुलांना तोडून मिळालं नाही, मुलं एकत्र आली म्हणून मिळालं.

आता खोट काढण्याचा प्रयोग. १९३९ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी, एक अनाथाश्रम होता, मूळचा शिपायांच्या आणि खलाशांच्या पोरक्या मुलांसाठी काढलेला. वेंडेल जॉन्सन हे आयोवा विद्यापीठातले तोतरेपणाचे अभ्यासक. ते स्वतः तोतरे बोलत, आणि त्या त्रासातूनच ते या विषयाकडे आले होते. मूल जरासं अडखळलं की मोठी माणसं त्याला तोतरं ठरवतात आणि त्या ठरवण्यानेच ते खरोखर तोतरं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. हे पडताळायला त्यांनी मेरी ट्यूडर नावाच्या विद्यार्थिनीला त्या आश्रमात पाठवलं. २२ मुलं निवडली. दहा आधीपासून अडखळणारी, बारा नीट बोलणारी. त्या बारांतल्या सहा जणांना सांगायचं ठरलं की तुम्ही तोतरे आहात.

हे कसं केलं ते बारकाईने बघा, कारण ‘नीतीची आडकाठी’ म्हणजे काय ते तिथेच कळतं. ट्यूडरने एकेका मुलाला समोर बसवून सांगितलं की तुझ्या बोलण्यात दोष आहे, तोतरेपणाची लक्षणं दिसताहेत, ती ताबडतोब थांबली पाहिजेत, नीट बोलता येत असेल तरच तोंड उघड. मग आश्रमातल्या शिक्षिकांना आणि देखरेख करणाऱ्या बायकांना सांगितलं की ही मुलं अडखळतात, लक्ष ठेवा, चुकली की टोका. त्या बायकांना खरं काय ते ठाऊक नव्हतं. त्या भल्या मनाने टोकत राहिल्या. जानेवारी ते मे असे काही महिने हे चाललं. पाच वर्षांची एक मुलगी महिन्याभरापूर्वी मोकळेपणाने बोलत होती, तिच्या तोंडून शब्द काढणं अवघड झालं. पंधरा वर्षांची एक बोलता बोलता मध्येच थांबून चुटक्या वाजवू लागली. का म्हणून विचारलं तर पुढचा शब्द येणारच नाही अशी भीती वाटते, असं तिचं उत्तर. अभ्यासात मुलं मागे पडली. ही सगळी निरीक्षणं ट्यूडरच्याच प्रबंधात आहेत. तिला ते बघवलं नाही, नंतर ती पुन्हा पुन्हा आश्रमात जाऊन मुलांची समजूत काढत राहिली. पण गेलेला धीर परत आला नाही.

आईबाप नसलेल्या मुलाजवळ स्वतःचं म्हणावं असं फार थोडं असतं. कपडे आश्रमाचे, ताट आश्रमाचं, खाट आश्रमाची. बोलणं तेवढं त्याचं. ते काढून घेतलं, आणि तेही विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी.

जॉन्सननी हे कधी प्रसिद्ध केलं नाही. प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला, त्यांचं नाव मोठं होत गेलं, विद्यापीठातल्या वाणीदोषांच्या केंद्रालाही तेच नाव मिळालं. २००१ मध्ये सॅन होजेच्या एका वर्तमानपत्राने हे प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा हयात असलेल्या त्या मुलांना, म्हणजे आता सत्तरीच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, पहिल्यांदा कळलं की आपल्यात कधीच खोट नव्हती. विद्यापीठाने माफी मागितली. २००७ मध्ये राज्य सरकारने ९,२५,००० डॉलर देऊन खटला मिटवला. त्या सगळ्या आयुष्यांचा हा हिशेब.

आणि विज्ञान? २००२ मध्ये निकोलिन अँब्रोज आणि एहुद याइरी या दोन अभ्यासकांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्या सहांपैकी कोणीही खऱ्या अर्थाने तोतरं झालं असं त्यांतून सिद्ध होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे मुलं भेदरली, गप्प झाली, स्वतःला कमी समजू लागली, आणि ज्यासाठी हा खटाटोप केला तो सिद्धान्तही उभा राहिला नाही. तो निकाल तेव्हाच लोकांसमोर आला असता तर निदान जगभरच्या आईबापांना, मुलाच्या तोतरेपणाला तुम्हीच जबाबदार, हे बोल पुढची कित्येक वर्षं ऐकून घ्यावे लागले नसते. याइरींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय विद्यापीठात काय केलं? नुकत्याच अडखळू लागलेल्या लहान मुलांचा आईबापांच्या संमतीने, सावकाश, वर्षानुवर्षं मागोवा घेतला. बहुतेक मुलं आपोआप बरी होतात, आणि आनुवंशिकतेचा यात मोठा भाग आहे, हे त्यांतून पुढे आलं. एकाही मुलाशी खोटं बोलावं लागलं नाही.

तिसरा प्रयोग सगळ्यांत निर्दय आहे, कारण तो घाईत झाला नाही, रागात झाला नाही. तो वर्षानुवर्षं थंड डोक्याने चालला.

न्यूयॉर्कमध्ये लुईस वाइज सर्व्हिसेस ही मूल दत्तक देणारी नावाजलेली ज्यू संस्था होती. जुळ्यांना वेगळं वाढवणं त्यांच्याच हिताचं, म्हणजे प्रत्येकाला आईचं पूर्ण लक्ष मिळतं, असं संस्थेच्या सल्लागार मानसोपचारतज्ज्ञ व्हायोला बर्नार्ड यांचं मत होतं. मानसोपचारतज्ज्ञ पीटर न्यूबॉअर यांना त्यात आयती संधी दिसली. १९६०च्या दशकात संस्थेने जुळी भावंडं वेगवेगळ्या घरी दिली आणि न्यूबॉअर यांच्या लोकांनी त्या घरांत जाऊन मुलांचा अभ्यास सुरू केला. आईबापांना सांगितलं होतं की दत्तक मुलांच्या वाढीचा हा साधा अभ्यास आहे. तुमच्या मुलाला सख्खं भावंड आहे आणि तेही आमच्या यादीत आहे, हे त्यांना सांगितलं नाही.

१२ जुलै १९६१ला जन्मलेले बॉबी, एडी आणि डेव्हिड हे तिळे भाऊ सहा महिने एकत्र होते. मग तीन घरी गेले. एक कष्टकरी कुटुंबात, एक मध्यमवर्गीय, एक सधन. तिन्ही घरांत याच संस्थेतून आधी दत्तक घेतलेली एकेक मोठी मुलगी होती. इतकी काटेकोर जुळवाजुळव! संशोधक येत, ठोकळे मांडायला देत, चाचण्या घेत, कॅमेऱ्यात चित्रण करत, आणि तसंच पुढच्या घरी जाऊन त्याच चेहऱ्याच्या दुसऱ्या मुलासमोर तेच ठोकळे ठेवत. ही मुलं लहानपणी पाळण्याच्या कठड्यावर डोकं आपटत, असं घरच्यांनी पुढे सांगितलं. ज्या संशोधकांच्या वह्यांत तिन्ही घरांच्या नोंदी शेजारीशेजारी होत्या, त्यांना कारण विचारण्याचीही गरज नव्हती. माणुसकी असती तर दरवाज्यात उभं राहून त्यांनी एक वाक्य बोललं असतं. ते बोलले नाहीत, आणि एकदा नाही, प्रत्येक भेटीत बोलले नाहीत.

१९८०मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, बॉबी कॉलेजात दाखल झाला तर अनोळखी मुलं त्याला एडी म्हणून मिठ्या मारू लागली. तिथून दोघे भेटले, वर्तमानपत्रात त्यांचे फोटो बघून तिसरा आला. आनंदाची बातमी म्हणून सगळ्या अमेरिकेने ती वाचली. आईबाप जाब विचारायला संस्थेत गेले. तिघांना एकत्र घेणारं घर मिळणं कठीण होतं, असं त्यांना सांगण्यात आलं. १९९५मध्ये एडीने आत्महत्या केली. तिघांनाही तरुणपणी मनाच्या आजारांना तोंड द्यावं लागलं होतं. ताटातूट हेच एकमेव कारण, असं मी म्हणणार नाही. पण ही ताटातूट ज्यांनी केली त्यांना ते कधीच तपासून बघावंसं वाटलं नाही, हे मी म्हणणारच.

या अभ्यासाचा पूर्ण अहवाल आजवर प्रसिद्ध झालेला नाही. न्यूबॉअर २००८मध्ये वारले. त्यांनी कागदपत्रं येल विद्यापीठाला दिली, ती २०६५पर्यंत बंद ठेवण्याच्या अटीवर. उरलेल्या दोन भावांनी झगडून काही हजार पानं मिळवली, तीही ठिकठिकाणी काळी केलेली. आपलंच बालपण, आपल्याच पाळण्याची वर्णनं, आणि ती वाचायची तर परवानगी मागायची! २०६५ साली हे भाऊ जिवंत असलेच तर एकशेतीनचारचे असतील. ज्ञानासाठी केलेला प्रयोग असं ज्याला म्हणायचं, त्याचे निष्कर्ष लपवून ठेवण्याची पाळी का येते, याचं उत्तर मला हवं आहे. मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी १९७९पासून याच प्रश्नाचा अभ्यास केला. परिस्थितीने आधीच दुरावलेली जुळी त्यांनी शोधली, ती मोठी माणसं होती, स्वतःच्या मर्जीने आली, त्यांना एकमेकांना भेटायला मिळालं. शंभराहून जास्त जोड्यांचा अभ्यास झाला आणि तो छापून आला. त्याच्या निष्कर्षांवर वाद होतात, आणि वाद घालता येतात ते छापून आल्यामुळेच.

मोठ्या माणसांवरच्या प्रयोगांचं काय, असा पुढचा सवाल येतो. स्टॅनफर्डच्या तळघरातला तुरुंग सगळ्यांना पाठ असतो. ऑगस्ट १९७१, मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो, दिवसाला १५ डॉलर घेऊन आलेले तरुण, काही कैदी, काही पहारेकरी. दोन आठवड्यांचा बेत सहाव्या दिवशी गुंडाळावा लागला, कारण क्रिस्टिना मॅस्लॅक या तरुण संशोधिकेने जे चाललंय ते भयंकर आहे असं तोंडावर सुनावलं. हातात सत्ता आली की साधा माणूस आपोआप क्रूर होतो, हे तात्पर्य आमच्या पाठ्यपुस्तकांनी घेतलं. फ्रेंच संशोधक तिबो ल तेक्सिए यांनी मूळ ध्वनिफिती आणि कागद चाळून २०१९मध्ये दाखवून दिलं की ते आपोआप नव्हतं. पहारेकऱ्यांकडून काय अपेक्षा आहे हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं, आणि जो मवाळ वागत होता त्याला कडक हो म्हणून बजावलं गेलं. तरीही परीक्षेत प्रश्न येतो आणि उत्तर जुनंच लिहावं लागतं. मला हे शिकवताना लाज वाटते.

मानसशास्त्रज्ञ मिलग्रम यांचं तसं नाही. १९६१मध्ये येल विद्यापीठात त्यांनी जे केलं, त्यातून काहीच हाती लागलं नाही असं मी म्हणणार नाही. प्रयोग करणाऱ्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याला विजेचे झटके द्यायला बसवलेल्या ४० पुरुषांपैकी २६ जणांनी, पलीकडच्या खोलीतल्या माणसाला यातना होत असल्याचं वाटूनही, शेवटच्या ४५० व्होल्टचं बटण दाबलं. पण बटण दाबताना त्या माणसांना घाम फुटत होता, हात कापत होते, आणि झटका खोटा होता हे त्यांतल्या अनेकांना निघतानासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. आपण एका माणसाला मारून आलो की काय, या धास्तीत ती माणसं घरी गेली. २००६मध्ये जेरी बर्गर यांनी तोच प्रयोग १५० व्होल्टला थांबवून, मनाने कमकुवत माणसं आधीच वगळून आणि प्रयोग संपताक्षणी खरं सांगून केला. निष्कर्ष जवळपास तेच निघाले. म्हणजे तो जास्तीचा छळ कशासाठी होता?

परवानगी विचारण्याची कटकट आता कंपन्यांनी साफ टाकून दिली आहे. जानेवारी २०१२मध्ये फेसबुकने एक आठवडा ६,८९,००३ लोकांना न सांगता त्यांच्यासमोर येणाऱ्या मजकुरातून कोणाच्या आनंदाच्या तर कोणाच्या दुःखाच्या पोस्ट कमी केल्या, त्याने माणसांच्या मनावर काय परिणाम होतो ते बघायला. २०१४मध्ये शोधनिबंध आला तेव्हा वापराच्या अटी मान्य केल्या होत्या ना, असा बचाव झाला. फरक निघाला तो हजार शब्दांमागे एखाद्या शब्दाचा. कोणी म्हणेल, एवढ्याशा फरकाने काय झालं? त्या लाखांत त्या आठवड्यात कोणाच्या घरात मयत झाली होती, कोण रात्री एकटं जागं होतं, हे करणाऱ्यांना माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. माझा राग त्यावर आहे.

नैरोबीच्या कायोले-सोवेटो वस्तीतही अलीकडे असंच झालं. पाण्याचं बिल थकवणारे घरमालक निवडून, चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही बाजूला काढून, त्यांचं पाणी तोडायचं आणि ते बिल भरतात का ते बघायचं. तोडणं हे पाणीपुरवठा कंपनीच्या नियमातच बसत होतं, असं हा प्रयोग करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांचं म्हणणं. नियमात बसत असेल. पण घरमालक तिथे राहत असो-नसो, नळ कोरडा पडला तो भाडेकरूंचा. पाणी तोडल्यावर मालक पैसे भरतात, हे सिद्ध करायला जागतिक बँकेतले आणि बड्या विद्यापीठांतले विद्वान लागले.

आता आपल्याकडे येऊ. मोबाइलवर ‘सोशल एक्सपेरिमेंट’ नावाचे व्हिडिओ फिरतात. कचरा वेचणाऱ्या पोरासमोर पैशाचं पाकीट पाडायचं, गाडीत लपवलेल्या कॅमेऱ्याने तो काय करतो ते टिपायचं, परत केलं तर मिठी मारून शंभराची नोट द्यायची, नाही केलं तर त्याचा चेहरा लाखो लोकांपुढे चोर म्हणून ठेवायचा. हाच खेळ कोणी सोसायटीच्या दारात, गाडीतून उतरणाऱ्या साहेबाशी खेळत नाही. तो पोलिसांत जाईल, वकील लावेल. पोराला कोण आहे?

पण व्हिडिओवाले सोपं लक्ष्य आहेत. मला खरा राग आहे तो पदवीधारकांवर. २००९मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प झाला. पाथ ही अमेरिकी संस्था आणि आपली भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांचा तो प्रकल्प. ती लस उपयोगी आहे, मुलींना ती मिळावी असंच माझं मत आहे. त्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले, त्यांचा लसीशी बहुधा संबंध नसावा असं चौकशी समितीने म्हटलं, तेही मी मानते. माझा मुद्दा सहीचा आहे. आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या गृहपालांच्या सह्या. संसदीय समितीने २०१३मध्ये यावर कडक ताशेरे ओढले. आईबाप पाड्यावर, मुलगी वसतिगृहात, आणि तिच्या शरीराबद्दलचा होकार गृहपालाने द्यायचा. डॅव्हनपोर्टच्या अनाथाश्रमात आणि इथे फरक एवढाच की या मुलींना आईबाप होते, त्यांना विचारायला मात्र कोणी गेलं नाही.

निदान ते औषधाचं होतं म्हणून चौकशी झाली. मनाचं असेल तर तेवढंही होत नाही. एका निवासी शाळेत मी हे डोळ्यांनी बघितलं आहे. पीएच.डी.साठी माहिती गोळा करायला एक संशोधक आले होते. मुख्याध्यापकांनी होकार दिला, सातवी-आठवीच्या मुली वऱ्हांड्यात ओळीने बसवल्या, छापील प्रश्नावल्या वाटल्या. ‘घरच्यांना मी नकोशी आहे असं मला वाटतं.’ ‘आपण जन्मलोच नसतो तर बरं झालं असतं.’ हो, नाही, कधीकधी. प्रमाण मराठीतली ती वाक्यं घरी पावरी बोलणाऱ्या मुलींनी बोट ठेवून, अडखळत वाचली. एकजण पेन्सिल धरून बराच वेळ थांबली. शेजारणीने ‘कधीकधी’वर खूण केली, मग हिनेही तशीच केली. जेवणाची वेळ झाली, लवकर आटपा, असा पुकारा झाला. कागद गोळा झाले आणि गाडी निघून गेली. ‘हो’वर खूण करणाऱ्या मुली त्यात असणारच. त्या रात्री त्यांच्याशी कोण बोललं? मी मुख्याध्यापकांना विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या लेखी तो एक शासकीय सोपस्कार होता आणि तो नीट पार पडला होता.

असल्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात काय निघतं? निवासी शाळेतल्या मुलींत चिंतेचं प्रमाण जास्त आढळतं. आईपासून लांब राहणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला चिंता असते, हे कळायला तिला तो प्रश्न विचारायची गरज होती का? आणि विचारलाच, तर उत्तर ऐकून घ्यायला थांबायचं नव्हतं?

औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९चे नियम आहेत, नोंदणीकृत नीतिसमित्या आहेत. वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्याशी निगडित सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनावर एक भाग आहे, चांगला आहे, पण तत्त्व म्हणजे कायदा नव्हे. मुंबईच्या सेहत संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक समाजशास्त्रीय संशोधनासाठी नीतिनियम २०००मध्येच तयार झाले. ते लिहिणारे आपल्याच देशातले लोक. आणि आमच्या विद्यापीठांच्या मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य विभागांत ते किती मार्गदर्शकांनी उघडून बघितलेत? नीतिसमितीचं नाव काढलं की कामात अडथळा म्हणून कपाळाला आठ्या पडतात. समिती असते तिथेही सभेत सह्या होतात आणि चहा येतो.

मागणी फार मोठी नाही. वसतिगृहातल्या, आश्रमशाळेतल्या, निरीक्षणगृहातल्या मुलावर अभ्यास करायचा असेल तर संमती आईबापांची घ्या, पाड्यावर जाऊन घ्या, त्यांच्या बोलीत समजावून घ्या. ते ऊसतोडीला गेले असतील तर परतेपर्यंत थांबा, प्रबंधाची मुदत वाढवून मागा. आईबाप नसतील तर बाल कल्याण समितीपुढे जा आणि मुलाच्या बाजूने बोलणारं कोणीतरी तिथे हजर ठेवा. मुलाने नको म्हटलं तर त्याच्या मुख्याध्यापकाचा होकार कचऱ्यात टाका. दुखऱ्या जागी बोट ठेवणारे प्रश्न विचारणार असाल तर समुपदेशक सोबत न्या आणि तो तिथे राहील याची सोय करा. जे निघेल ते त्या शाळेला आणि त्या गावाला येऊन सांगा.

आणि हे पुढच्या प्रबंधांपासून नको. आपल्या राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाने आश्रमशाळांवर आणि बालगृहांवर झालेले गेल्या दहा वर्षांतले प्रबंध ग्रंथालयातून बाहेर काढावेत, त्यांना जोडलेली संमतीपत्रं बघावीत आणि खाली सही कोणाची आहे ते वाचावं. जिथे सहीच नाही, किंवा आहे ती गृहपालाची आहे, तिथे मार्गदर्शकाला लेखी जाब विचारावा आणि त्याचं उत्तर विद्यापीठाच्या फलकावर लावावं. माझ्या स्वतःच्या विभागापासून सुरुवात करावी, असा अर्ज मी दिलेला आहे.